शुभंकराचे भय : एका खेळप्रकाराच्या लक्षणाचा विचार

१

व्हिडिओ खेळांच्या चर्चेत ‘मॅस्कॉट हॉरर’ ही संज्ञा अलीकडच्या काळात रूढ झाली आहे. ती समीक्षेने घडवलेली नाही. खेळणाऱ्यांच्या आणि खेळ पाहणाऱ्यांच्या बोलण्यातून ती आली, आणि बऱ्याचदा ती उपहासानेच वापरली जाते. एखादे गोजिरे खेळणे घ्यावे, त्याच्या तोंडात अणकुचीदार दात बसवावेत, त्याला अंधाऱ्या इमारतीत सोडावे आणि पुढे त्याच्याच बाहुल्या मुलांना विकाव्यात, असा एक आरोप या संज्ञेत दडलेला असतो. परिणामी ती वर्णनपर आहे की निंदापर, ती कलाप्रकाराचे नाव आहे की व्यापारी युक्तीचे, हे स्पष्ट होत नाही. ज्या संज्ञेत वर्णन आणि मूल्यनिर्णय असे एकमेकांत मिसळलेले असतात, तिच्या आधारे त्या प्रकारातील चांगली कृती आणि वाईट कृती यांत फरक करता येत नाही. मराठी समीक्षेला ही अडचण अपरिचित नाही. ‘भयकथा’ आणि ‘गूढकथा’ या संज्ञांचीही अशीच अवस्था होती. नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांच्या कथांचे वेगळेपण सांगण्याआधी त्या प्रकाराविषयीची अढी दूर करावी लागे.

या प्रकाराचा प्रारंभ सामान्यतः ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’ या खेळापासून मानला जातो. स्कॉट कॉथन यांचा हा खेळ ८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रसिद्ध झाला. त्याची रचना अगदी साधी आहे. मुलांचे वाढदिवस साजरे करणाऱ्या एका पिझ्झागृहात रात्रीच्या पहारेकऱ्याची नोकरी खेळणाऱ्याला मिळते. दिवसा तेथे अस्वल, ससा, कोंबडी आणि कोल्हा यांचे यांत्रिक पुतळे मुलांसाठी गातात. रात्री ते इमारतीत हिंडू लागतात आणि पहारेकऱ्याच्या खोलीकडे येतात. पहारेकऱ्याला खोली सोडता येत नाही. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत कॅमेऱ्यांवर लक्ष ठेवायचे, वेळेवर दारे लावायची आणि मोजकी वीज पुरवून वापरायची, एवढेच त्याच्या हाती असते. पाच रात्री तगून राहिल्यावर त्याला आठवड्याचा पगार म्हणून १२० डॉलरचा धनादेश मिळतो.

कॉथन यांच्या या कल्पनेचा उगमही लक्षणीय आहे. त्यांनी २०१३ साली लाकूडकाम करणाऱ्या बीव्हर कुटुंबावर मुलांसाठी एक निरुपद्रवी खेळ केला होता. त्यातील पात्रे गोड दिसण्याऐवजी पिझ्झागृहातल्या यांत्रिक पुतळ्यांसारखी भेसूर वाटतात, अशी टीका झाली. पुढच्याच वर्षी त्यांनी तो दोष हेतुपूर्वक स्वीकारला. म्हणजे या प्रकाराच्या मुळाशी फसलेला गोडवा आहे. भय बाहेरून आणलेले नव्हते. ते त्या आकृतीतच होते, आणि प्रेक्षकांनी ते निर्मात्याच्या आधी ओळखले होते. या प्रकाराचे लक्षण शोधताना ही गोष्ट विसरता येणार नाही.

२

‘ज्या भयखेळातील राक्षस हा गोंडस खेळणे किंवा चित्रपटातील कार्टून असतो तो मॅस्कॉट हॉरर’, अशी व्याख्या सहज सुचते. तिच्यात अतिव्याप्ती आणि अव्याप्ती हे दोन्ही दोष आहेत. बाहुली जिवंत होऊन छळू लागते ही कल्पना फार जुनी आहे, आणि अशा प्रत्येक कथेला या प्रकारात बसवले तर प्रकाराला अर्थ उरत नाही. उलट, २०१८ सालचा ‘बाल्डीज बेसिक्स’ हा खेळ सर्वत्र या प्रकारात गणला जातो. परंतु त्यातील बाल्डी हा गोंडस नाही, प्राणी नाही, खेळणेही नाही. तो १९९० च्या दशकातील शैक्षणिक संगणक-खेळांच्या धाटणीवर ओबडधोबड काढलेला एक शिक्षक आहे. बाह्य रूपाने तो व्याख्येबाहेर पडतो, तरीही तो प्रकारात आहे याविषयी कोणाला शंका वाटत नाही. याचा अर्थ असा की लोक ज्या गोष्टीला ओळखतात ती रूपाहून वेगळी आहे.

पाश्चात्त्य विचारातील तीन सिद्धान्त येथे साहाय्याला येऊ शकतात, पण प्रत्येकाची मर्यादा आहे. मासाहिरो मोरी यांनी १९७० साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, माणसाशी जवळजवळ संपूर्ण साम्य असलेली आकृती अस्वस्थ करते. परंतु या खेळांतील निळी केसाळ आकृती किंवा शाईचा काळा पुतळा माणसाच्या जवळपासही येत नाही. नोएल कॅरोल यांच्या १९९० सालच्या ग्रंथानुसार भयकलेतील राक्षस वर्गांची सीमारेषा ओलांडतो. तो धड जिवंत नसतो, धड मृतही नसतो. पण शुभंकर मुळातच वर्गसंकराने बनलेला असतो. गळ्यात बो बांधून गाणारे अस्वल दिवसाउजेडीही कोणत्याच वर्गात बसत नाही, आणि तरी मुले त्याला मिठी मारतात. फ्रॉइड यांनी १९१९ सालच्या निबंधात परिचिताचे अपरिचित होऊन परतणे हे विचित्र भयाचे मूळ मानले. त्याच निबंधात त्यांनी असेही नोंदवले की बाहुली जिवंत होण्याची लहान मुलाला भीती वाटत नाही. उलट ते त्याला हवेच असते. या निरीक्षणाचे मोल मोठे आहे. शुभंकर चालू-बोलू लागावा ही मुलाची इच्छा असते. हा खेळप्रकार ती इच्छा पूर्ण करतो, आणि भय त्या पूर्तीतून जन्म घेते.

३

‘मॅस्कॉट’ या शब्दासाठी मराठी वृत्तपत्रांनी ‘शुभंकर’ हा शब्द स्थिर केला आहे. गोव्यात २०२३ साली झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचा ‘मोगा’ हा गवा शुभंकर होता. हा शब्द मूळ शब्दापेक्षा अधिक काही सांगतो. शुभ करणे हे या आकृतीला नेमून दिलेले काम आहे. ती स्वतः शुभ असेलच असे नाही. एअर इंडियाचा १९४६ पासूनचा महाराजा घ्या किंवा आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ साली एशियन पेंट्ससाठी काढलेला गट्टू घ्या; या आकृत्या कोणा आजीच्या गोष्टीतून आलेल्या नाहीत. संस्थेने त्यांना कामावर ठेवले, त्यांनी संस्थेच्या वतीने हसावे असे ठरले, आणि काम संपल्यावर त्यांना कमीही करता येते. शुभंकर हा अर्थाने संस्थेचा नोकर असतो.

येथे मराठी मुलाच्या जगातील दोन जुन्या आकृत्यांशी तुलना उपयोगी ठरेल. बुजगावणे हे भय दाखवण्यासाठीच उभे केलेले असते. मात्र ते पाखरांना दिसते तसे शेतकऱ्याच्या घरच्यांना दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने तो फाटक्या सदऱ्याचा विनोद असतो. बागुलबुवाची गोष्ट वेगळी. त्याला देह नाही. मूल जेवत नाही, झोपत नाही, म्हणून मोठी माणसे त्याची नेमणूक करतात. मूल मोठे होते, बागुलबुवा खोटा आहे हे त्याला कळते, आणि ते हसते. शुभंकराच्या बाबतीत हाच प्रवास उलट दिशेने घडतो. मोठ्यांनी त्याची नेमणूक हसवण्यासाठी केलेली असते. त्याला देह असतो, रंग असतो, गाणे असते. मूल मोठे होते, ते हसणे खोटे आहे हे त्याला कळते, आणि त्याला भय वाटते. बागुलबुवा हा मोठ्यांनी मुलाला दिलेला भयाचा ठेवा होता. शुभंकराचे भय मात्र मुलाने स्वतः शोधून काढलेले असते. ‘शुभंकर-भयखेळ’ हा शब्द या प्रकारासाठी योजला तर त्यात हे दोन्ही अर्थ राहतात.

मराठी चित्रपटात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारी आकृती तात्या विंचूची आहे. महेश कोठारे यांच्या १९९३ सालच्या ‘झपाटलेला’मध्ये एक गुन्हेगार मरताना मंत्राच्या बळावर आपला आत्मा बाहुल्यात घालतो आणि तो बाहुला लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारलेल्या शब्दभ्रमकाराच्या मागे लागतो. १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाशी असलेले त्याचे साम्य उघड आहे. गुन्हेगाराची भूमिका आणि बाहुल्याचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा, तर बाहुला रामदास पाध्ये यांचा. वडील यशवंत पाध्ये यांच्याकडून ‘अर्धवटराव’ या बोलक्या बाहुल्याचा वारसा पाध्ये यांना मिळाला होता. लिज्जत पापडाच्या दूरदर्शनवरील जाहिरातीत पापड खाणारा ससाही त्यांचाच. म्हणजे मराठी प्रेक्षकांच्या एका पिढीचा शुभंकर आणि तिचा भयबाहुला एकाच कलावंताच्या हातांतून आले. पण ते दोन देहांत आले. सशाने कधी कोणाला भिववले नाही आणि तात्या विंचूने कधी पापड विकला नाही.

‘झपाटलेला’ या प्रकारात का बसत नाही, याचे उत्तर येथे मिळते. तात्या विंचूचा बाहुला पूर्वी कोणाला आनंद देत होता अशी आठवण चित्रपटात नाही. त्यातील दुष्टपणा बाहेरून शिरलेला आहे; तो बाधेच्या स्वरूपाचा आहे, म्हणून तो उतरवताही येतो. बाहुला बनवणाऱ्याचा किंवा नाचवणाऱ्याचा त्यात काही अपराध नाही. ‘फ्रेडीज’ मालिकेतही मृत मुलांचे आत्मे यांत्रिक पुतळ्यांत वसतात, हे खरे. परंतु ही मुले पिझ्झागृहाच्या संस्थापकांपैकी एकानेच मारलेली आहेत. तेथे बाधा हे संस्थेच्या पापाचे दृश्य रूप आहे. बाहुला झपाटलेला आहे की नाही, यावर या प्रकाराची ओळख अवलंबून नाही. त्याला कोणी आणि का झपाटले, यावर ती अवलंबून आहे.

४

शुभंकर-भयखेळ परदेशी आहेत; पण त्यांचे घटक मराठी मुलाच्या अनुभवात सुटे सुटे हजर आहेत. पनवेलहून पाहिले असता ते विशेष स्पष्ट दिसतात. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पनवेल तालुक्यातील कळंबोलीपासून सुरू होतो आणि त्याच मार्गाने खोपोलीजवळच्या इमॅजिका या मनोरंजन उद्यानाकडे जाता येते. मनमोहन शेट्टी यांनी उभारलेले हे उद्यान २०१३ साली, म्हणजे कॉथन यांच्या खेळाच्या आदल्या वर्षी, सुरू झाले. तेथे टबी नावाचा हत्ती शुभंकर आहे. तेथेच ‘सलीमगढ’ नावाची भुताटकीची वास्तूही आहे. मूल टबीच्या पाळण्यात बसते ते हसण्यासाठी आणि सलीमगढात शिरते ते भिण्यासाठी. दोन्हींसाठी दारे वेगळी, रांगा वेगळ्या, आणि कोठे काय मिळणार हे दारावरच सांगितलेले. टबी सलीमगढाच्या अंधारात कधी भेटत नाही.

ही व्यवस्था भारतीय काव्यशास्त्राला परिचित आहे. हास्य आणि भयानक यांना विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त परस्परविरोधी रसांत गणले आहे. विरोधी रस एका कृतीत आणायचे झाल्यास ते भिन्न आश्रयांत ठेवावेत किंवा त्यांच्यामध्ये तिसऱ्या रसाचे व्यवधान घालावे, असा मार्ग आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात दाखवला आहे. मनोरंजन उद्यानाची आखणी आणि पाध्ये यांचे दोन बाहुले नकळत हाच नियम पाळतात. शुभंकर-भयखेळ तो मोडतो. ज्या देहाने हसवले तोच देह भिववतो. मग येथे रसदोष का होत नाही?

या प्रश्नाची दोन उत्तरे शास्त्रातच आहेत. पहिले भरताच्या विभाव-वर्णनात सापडते. हास्याचे विभाव सांगताना त्याने विकृत वेष आणि अलंकार यांचा उल्लेख केला आहे. भयानकाचे विभाव सांगताना विकृत आवाज आणि शून्यगृह यांचा. ‘विकृती’ हा दोन्ही रसांचा समान कच्चा माल आहे. शुभंकराचे प्रमाणाबाहेर मोठे डोके, न मिटणारे डोळे आणि न संपणारे हसू ही योजनापूर्वक घडवलेली विकृती आहे. उजेडात, गर्दीत आणि गाण्याच्या साथीने ती हास्याकडे झुकते. तीच विकृती शून्यगृहात ठेवली, गाणे संथ आणि फाटके केले, की ती भयाकडे झुकते. आकृतीत काही बदलावे लागत नाही. बदलतो तो उद्दीपन विभाव. कॉथन यांच्या फसलेल्या बीव्हरांचे स्पष्टीकरण यातच आहे.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. विरोधी रस स्मरणाच्या रूपाने आला असेल तर तो दोष ठरत नाही, असे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त म्हटले आहे. त्याचे प्रसिद्ध उदाहरण महाभारताच्या स्त्रीपर्वातले आहे. रणांगणावर तुटून पडलेला भूरिश्रव्याचा हात पाहून त्याच्या स्त्रियांना त्या हाताचे प्रणयातील लाड आठवतात. शृंगार आणि करुण परस्परविरोधी. पण येथे शृंगार आठवणीत आहे, म्हणून तो करुणाला अधिक गडद करतो. शुभंकर-भयखेळात हेच नाते हास्य-वात्सल्य आणि भय यांच्यात आहे. ‘बेंडी अँड द इंक मशीन’ या २०१७ सालापासून टप्प्याटप्प्याने आलेल्या खेळात हेन्री हा वृद्ध चित्रकार तीस वर्षांनी आपल्या जुन्या कार्टून-निर्मितीगृहात परततो. ‘पॉपी प्लेटाइम’मध्ये (२०२१) एक माजी कर्मचारी खेळण्यांच्या बंद कारखान्यात दहा वर्षांनी पाऊल टाकतो. दोन्ही ठिकाणी भिंतींवर जुनी चित्रे आहेत, ध्वनिफितींवर जुने आवाज आहेत, आणि कधीकाळी येथे आनंद तयार होत असे याचा पुरावा पावलोपावली आहे. या आठवणी सजावटीसाठी नाहीत. त्या काढून टाकल्या तर उरतो तो अंधारात पाठलाग करणारा कोणताही राक्षस.

प्रकाराचा इतिहासही या स्मरणाला दुजोरा देतो. गाणाऱ्या यांत्रिक पुतळ्यांचे पहिले प्रसिद्ध पिझ्झागृह १९७७ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे निघाले. ते नोलन बुशनेल यांनी काढले, आणि बुशनेल हेच अटारी या व्हिडिओ खेळांच्या आद्य कंपनीचे एक संस्थापक. मुलांना खेळयंत्रांपाशी आणण्यासाठी पुतळे गात होते. म्हणजे ‘फ्रेडीज’मध्ये व्हिडिओ खेळ हे माध्यम आपल्याच बालपणाच्या जागेकडे परतते. बुशनेल यांनी सुरू केलेल्या साखळीने २०२४ साली आपल्या बहुतेक केंद्रांतून हे पुतळे हटवण्याचे ठरवले. आता ते खरोखरच आठवणीपुरते उरत आहेत.

५

स्मरणाने पोसलेले भय हे आवश्यक लक्षण झाले, पण तेवढ्याने भयाचा प्रकार ठरत नाही. भरताने भयानकाचे तीन भेद सांगितले आहेत : व्याजाने, म्हणजे बतावणीने, उत्पन्न होणारे, अपराधातून उत्पन्न होणारे, आणि वित्रासितक, म्हणजे एकदम दचकवल्याने उत्पन्न होणारे. हे वर्गीकरण या खेळांना विस्मयकारक रीतीने लागू पडते. अंधारातून आकृती किंचाळत अंगावर येते, ते वित्रासितक. हसऱ्या मुखवट्यामागे काही वेगळे आहे असा संशय निर्माण होतो, ते व्याजाच्या जातीचे. आणि संस्थेने मुलांचे, कामगारांचे किंवा प्रयोगासाठी धरलेल्या माणसांचे काय केले हे हळूहळू उलगडते, तेथे अपराधाचे भय सुरू होते.

अपराधाचे भय भरताच्या विवेचनात अपराध करणाऱ्याला वाटते, हे येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. गुरूचा किंवा राजाचा अपराध केलेला माणूस भितो. मग या खेळांत भिणाऱ्याचा अपराध कोणता? या प्रकाराच्या खेळांत खेळणाऱ्याला दिलेली भूमिका पाहिली की उत्तर मिळते. तो वाट चुकलेला प्रवासी नसतो. तो पगारी पहारेकरी असतो, माजी कर्मचारी असतो, मूळ चित्रकार असतो. ‘बाल्डी’मध्ये तो विद्यार्थी असतो, तर २०२३ सालच्या ‘गार्टन ऑफ बॅनबॅन’मध्ये आपले मूल बालवाडीच्या स्वाधीन केलेला पालक असतो. संस्थेच्या हसण्यावर त्याने कधीतरी विश्वास ठेवलेला असतो, किंवा त्या हसण्याच्या निर्मितीत त्याचा वाटा असतो. ‘फ्रेडीज’च्या पहिल्या रात्री दूरध्वनीवरून कंपनीचे निवेदन ऐकू येते : कर्मचाऱ्याचे काही बरेवाईट झाल्यास कंपनी जबाबदार नाही, आणि तो बेपत्ता असल्याची नोंद जागा स्वच्छ करून गालिचे बदलल्यानंतर केली जाईल. या निवेदनात राक्षस नाही. तरीही ते साऱ्या खेळातील सर्वांत भयावह स्थळ आहे. ते ऐकूनही पहारेकरी दुसऱ्या रात्री कामावर येतो.

एवढ्या विवेचनानंतर लक्षण असे मांडता येईल : ज्या भयखेळात आनंद देण्यासाठी संस्थेने नेमलेली आकृती हेच भयाचे आलंबन असते, तिने पूर्वी दिलेला आनंद स्मरणरूपाने उपस्थित राहून भयाचे पोषण करतो, आणि त्या भयाच्या मुळाशी संस्थेचा अपराध असून खेळणारा त्या संस्थेशी नोकरीच्या वा आश्रयाच्या नात्याने बांधलेला असतो, तो शुभंकर-भयखेळ होय. या लक्षणाने बाल्डी आत येतो आणि तात्या विंचू बाहेर राहतो. रूप, रंग, प्राणी की बाहुली या गोष्टी लक्षणात येत नाहीत. त्या उपलक्षणे ठरतात.

एक शास्त्रीय आक्षेप मात्र उरतो. खेळणाऱ्याला वाटणारे भय हे त्याचे स्वतःचे, लौकिक भय आहे. त्याला रस कसे म्हणावे? रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद हे जे दोन ध्रुव दाखवले, त्यांतील पहिल्या ध्रुवाच्या टोकाशी हा अनुभव असल्याचे प्रथमदर्शनी वाटते. परंतु या खेळांचा मोठा वर्ग खेळणाऱ्यांचा नाही, पाहणाऱ्यांचा आहे. ‘फ्रेडीज’ २०१४ साली पसरला तो मार्किप्लायर यांच्यासारख्या खेळाडूंनी स्वतः खेळताना केलेल्या चित्रफितींमुळे. चित्राच्या कोपऱ्यात खेळणाऱ्याचा चेहरा दिसतो. हातपायांचा कंप, स्वरभेद, मुखाचा पालटलेला वर्ण असे भरताने सांगितलेले भयानकाचे अनुभाव त्या चेहऱ्यावर उमटतात. येथे खेळणारा पात्र होतो आणि पाहणारा प्रेक्षक. पात्राचे भय लौकिक असले तरी प्रेक्षकाला ते अंतरावरून, सुरक्षितपणे आणि बऱ्याचदा हसत अनुभवता येते. पनवेलच्या एखाद्या घरात मोबाइलवर अशी चित्रफीत पाहणारे मूल तो खेळ कधी खेळलेले नसण्याचीच शक्यता अधिक. तरी त्यातील प्रत्येक आकृतीचे नाव त्याला पाठ असते. साधारणीकरणाची जुनी समस्या येथे नव्या रूपात पुढे येते, आणि रंगभूमीवर बेतलेला सिद्धान्त कागदावरच्या साहित्यापेक्षा या माध्यमाला अधिक सहज लागू पडतो.

६

लक्षण हाती आल्यावर मूल्यनिर्णय शक्य होतो. या प्रकारावरील मुख्य आरोप खेळणी विकण्याचा आहे. ‘पॉपी प्लेटाइम’मधील लांब हातांचा निळा हगी वगी भारतातील शहरांच्या खेळणी-दुकानांतही पोहोचला, आणि ‘फ्रेडीज’वर २०२३ साली चित्रपट निघाला. शुभंकराचा राक्षस होतो आणि राक्षसाचा पुन्हा शुभंकर होतो. पण विक्री हा निकष पुरेसा नाही. भिववणारी आकृती लाडकी होणे ही केवळ बाजाराची करणी नव्हे. तात्या विंचूही भीती ओसरल्यावर मराठी प्रेक्षकांचा लाडका झाला. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तील चेटकिणीवर मुले जेवढे प्रेम करतात तेवढे नायकावर करीत नाहीत. बागुलबुवाच्या बाबतीतही शेवट हसण्यातच होत असे.

खरा निकष भयाच्या तीन भेदांतला तोल हा आहे. ‘गार्टन ऑफ बॅनबॅन’ हा खेळ उपहासाचा विषय झाला, तो त्यातील आकृत्या ओबडधोबड आहेत म्हणून तेवढा नव्हे. बाल्डीही ओबडधोबडच आहे. त्यातील बालवाडीने पूर्वी मुलांना आनंद दिल्याची आठवण खेळणाऱ्याच्या मनात उभीच राहत नाही. रंगीत आकृत्या एकामागून एक येतात आणि दचकवून जातात. स्मरण नसल्यामुळे व्याज पातळ होते, अपराध केवळ माहितीच्या स्वरूपात कळतो, आणि वित्रासितक तेवढे उरते. याउलट ‘बेंडी’मध्ये शाईच्या आकृतीला भिणाऱ्या माणसानेच ती आकृती प्रथम रेखाटली होती, आणि तिन्ही भेद एका बिंदूत मिळतात. पहिली कृती प्रकाराची चिन्हे वापरते. दुसरी प्रकाराचे लक्षण सिद्ध करते.

मात्र चांगल्या कृतींचीही एक मर्यादा नोंदवली पाहिजे. या प्रकाराचे आवडते शून्यगृह म्हणजे बंद कारखाना. पनवेलच्या वाचकाला बंद कारखाना दूर शोधावा लागत नाही. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सचे जवळच्याच रसायनी येथील बहुतेक प्रकल्प बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ साली घेतला. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओस पडल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. येथे क्रम उलटा आहे. खेळांत आनंदाची जागा बंद पडून भयाची होते. गिरणगावात श्रमाची जागा बंद पडून आनंदाची झाली. खेळांतील कारखाना बंद पडतो तो एखाद्या विकृत संस्थापकाच्या किंवा शास्त्रज्ञाच्या गुप्त दुष्कृत्यामुळे. रसायनी किंवा परळ येथील टाळ्यामागे असा एकटा खलपुरुष सापडत नाही. तेथे निर्णय उघडपणे झाले, कागदावर झाले, आणि त्यांचा कोणी राक्षस झाला नाही. संस्थेच्या हसऱ्या चेहऱ्याविषयी संशय घ्यायला हा प्रकार शिकवतो, हे त्याचे श्रेय आहे. पण अपराध एका माणसाच्या अंगावर टाकून तो संस्थेला शेवटी निर्दोष सोडतो. दूरध्वनीवरचे ते शांत निवेदन जेवढे जाणते तेवढे खेळाचे कथानक जाणत नाही.

म्हणून या प्रकाराचे पुढचे महत्त्वाचे पाऊल नवी आकृती शोधण्याने पडणार नाही. ज्या दिवशी राक्षस अजिबात न दाखवता केवळ नेमणूकपत्र, पगार आणि भिंतीवरचे हसरे चित्र यांतून अपराधाचे भय उभे करणारा खेळ तयार होईल, त्या दिवशी या प्रकाराला आपल्या लक्षणाची पूर्ण जाणीव झाली असे म्हणता येईल. तोवर समीक्षेने ‘मॅस्कॉट हॉरर’ ही संज्ञा शिवीसारखी न वापरता तिच्यातले वर्णन आणि तिच्यातला मूल्यनिर्णय वेगळे काढावेत, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.